दाखवून आणलेलं ताट

सोयाबीन सोंगणीला, म्हणजे कापणीला आलं, की बुलडाण्यात ऑफिसच्या टेबलाशी बसूनही मला ते कळतं. दसरा तोंडावर आलेला असतो, दुपारचं ऊन एकाएकी चटका द्यायला लागतं आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला वाळल्या पाल्याचा खरबरीत वास असतो. हा वास चिखलीवरून येतो की माझ्याच नाकात बसलेला आहे, देव जाणे. मग थोरल्या भावाचा, गजूदादाचा फोन येतो. "नंदे, रविवारी सुडी काढून राह्यलो. येजो." मळणी आहे एवढंच सांगतो आणि ठेवतो. पाठीमागे आमची माय काहीतरी ओरडत असते. ती काय ओरडते हे मला न ऐकताही ठाऊक असतं. ती म्हणत असते, पळसाची पानं घेऊन ये म्हणा.

पानं मी नेते. पण हल्ली तो फोन आला की आधी मला एक ताट आठवतं.

मला रस्त्यावरचं सगळं वाचायची खोड आहे. बसमध्ये खिडकी मिळाली की पुस्तक नको, मोबाईल नको. पिवळ्या डोक्याचे किलोमीटरचे दगड, लोणार सरोवराची दिशा दाखवणारे तपकिरी फलक, गावोगावच्या स्वागत कमानी, आणि ज्यांच्यावर रस्त्याच्या नावापेक्षा पुढाऱ्यांची नावं जास्त असतात ते भूमिपूजनाचे दगड. रस्ता उखडून जातो, तो दगड मात्र वर्षानुवर्षं गुळगुळीत राहतो. मारुतीच्या पारापाशी एखादी वीरगळ टेकवून ठेवलेली असते. कोण वीर, कुठली लढाई, गावात कोणाला सांगता येत नाही, पण तिच्यावर कपडे मात्र वाळत घातलेले असतात. आमच्याकडे उभ्या दगडाचं नशीब ठरलेलं असतं. एक तर त्याला जनावर बांधायचं, नाही तर त्याला शेंदूर लावायचा. त्याच्यावर काय लिहिलंय ते बघायची पद्धत नाही.

आमच्या दगडाला शेंदूर लागला होता.

जानेफळच्या अलीकडे आमचं शेत थेट रस्त्याला भिडतं. आमच्याकडे बांधाला धुरा म्हणतात. त्या धुऱ्यावर, रस्त्याकडे तोंड करून, कमरेएवढा एक शेंदरी देव उभा होता. त्याला गाव 'धुऱ्याचा बाबा' म्हणायचं. ट्रकवाले त्याच्यापाशी हॉर्न वाजवायचे, नवी मोटरसायकल घेतलेला पोरगा चाकाखाली लिंबू ठेवायला तिथंच यायचा. पण शेंदूर लावायचा मान आमच्या घराचा. सोंगणी झाली, कापलेल्या पिकाची सुडी रचली, की थ्रेशर शेतात यायच्या आधी माय पितळी वाटीत तेल आणि शेंदूर कालवायची आणि दोन्ही तळव्यांनी बाबाला चोपडायची. मागच्या वर्षीच्या थरावर या वर्षीचा थर. बाबा दरवर्षी थोडा जाड व्हायचा, त्याचे खांदे भरायचे. मायचे तळवे दिवाळीपर्यंत लाल असायचे, आणि ती ते इतर बायकांना दिसतील असे धरायची. मानाची हौस कोणाला नसते?

त्या दिवशी शेतातच स्वयंपाक. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी, वरण, आणि भाताचा एक गोळा. हा वास धुऱ्याधुऱ्यानं फिरत फिरत पोटात शिरायचा. मी लहान असताना एकदा मला राहवलं नाही. परातीतल्या रोडग्याचा एक खरपूस कोपरा मी मोडला, आणि तोंडाशी नेणार तोच मायनं हातावर फटकन चापट मारली.

"आधी बाबाचं ताट! बाबा उपाशी अन् तू खाऊन राह्यली?"

हे वाक्य तिनं म्हटलं होतं, अगदी याच शब्दांत. तेव्हा मी फक्त रडले होते.

मग ताट वाढलं जायचं. माय ते बाबापुढे धरायची, भोवती पाणी फिरवायची, डोळे मिटून ओठ हलवायची आणि ताट उचलून परत आणायची. नैवेद्य असाच तर असतो. देवाला दाखवायचा, देव वासावर तृप्त होतो, अन्न माणसांनी खायचं. आणि आमच्या घरची रीत अशी, की बाबापुढून आलेलं ताट घरातल्या शेंडेफळाचं. म्हणजे माझं. गजूदादा जळून कोळसा व्हायचा. ते ताट मांडीवर घेऊन सुडीच्या सावलीत मी जेवायचे, आणि खोटं कशाला बोलू, त्या जेवणासारखी चव मला पुढे कुठल्याही लग्नात, कुठल्याही हॉटेलात लागली नाही. रोडगा चुरायचा, वर वरण, वर तुपाची धार. बोटं चाटूनपुसून मी ताट इतकं लख्ख करायचे की आजोबा म्हणत, घासायचं काम नाही उरलं.

माय ओठ हलवून काय मागायची, तेही आम्हाला पाठ होतं. गजूदादा दहावीत निघू दे. नंदीला नोकरीवाला मिळू दे. आणि दरवर्षी, न चुकता, सगळ्यात शेवटी: यंदा मालाला भाव लागू दे.

भाव लागू दे. ही मागणी आपण कोणापुढे करतोय, हे तिला ठाऊक असतं तर तिनं जीभ चावली असती.

काही वर्षांपूर्वी आमचा रस्ता रुंद व्हायला लागला. गावात या रस्त्याला पूर्वापार 'दुकाळी सडक' म्हणतात. का म्हणतात, हे मी कधी विचारलं नाही. जिला रस्त्यावरचा प्रत्येक दगड वाचायची खोड, तिनं रस्त्याचं नाव मात्र कानाआड केलं. फार तर मोठ्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर हा रस्ता झाला, असं आजोबा बोलता बोलता म्हणत. आणि लगेच छाती फुगवून पुढचं सांगत, की त्या दुकाळातही आपल्या घरचं पेव सरलं नव्हतं. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. ही आमच्या घराण्याची अभिमानाची गोष्ट. पाहुणे आले की ती हमखास निघायची.

रस्त्याच्या कामावरचे मजूर आमच्या धुऱ्याला लागूनच ताडपत्र्या ताणून राहिले होते. बऱ्हाणपूरकडची माणसं, बायकापोरांसकट. त्यांच्यातल्या एका बाईनं धुऱ्यावर रचलेल्या आमच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळल्या कपाशीच्या काड्या चुलीसाठी ओढल्या, तर माय तिच्या अंगावर धावून गेली. "बापाची हाय का व?" असं तिनं विचारल्याचं गजूदादानं मला हसत हसत फोनवर सांगितलं. मीही हसले. मायचा तोंडाचा पट्टा आमच्या घरी कौतुकाचा विषय आहे.

मग एक दिवस बाबाला हलवायची वेळ आली. दगड रस्त्याच्या आखणीत येत होता. जेसीबीवाला पोरगा यंत्र बंद करून खाली उतरला, म्हणाला, देवाला मी हात लावणार नाही, घरच्यांना बोलवा. सुडी रचून झालेली होती म्हणून मी गावीच होते. माय नवं लुगडं नेसून आली, नारळ फोडला, बाबाच्या कानाशी लागून म्हणाली, "थोडं मांगं सरकाचं हाय बाबा, रागाऊ नोको." पट्टा आवळला, यंत्रानं दगड उचलला, आणि हातभर वर गेल्यावर तडकन आवाज झाला. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं शेंदराचं कवच सुटलं आणि धपकन खाली पडलं. आत काळा, सडपातळ दगड होता. इतक्या वर्षांचे ते खांदे, ती पुष्टी, सगळी शेंदराची होती. आत बाबा हडकुळा होता.

बायकांनी तोंडाला पदर लावले. कोणीतरी म्हणालं, "अक्षरं हाएत!" आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ऑफिसातली बाई, शिकलेली. मी पुढे झाले, ओल्या फडक्यानं दगड पुसला आणि जसं दिसलं तसं मोठ्यानं वाचलं. अक्षरं वेडीवाकडी होती, कोणी मुकादमानं कोरली की कोणी पाथरवटानं, कळायला मार्ग नाही.

"रस्त्याच्या कामावर उपाशी मेले त्यांचा दगड. जाणाऱ्याने घासभर ठेवावे."

दोन ओळी. नाव नाही, गाव नाही, किती माणसं ते नाही.

मी मायकडे पाहिलं. ती दगडाकडे पाहत नव्हती. ती स्वतःच्या तळव्यांकडे पाहत होती.

गावाला सावरायला फार वेळ लागत नाही. शेजारच्या शेतातले किसनकाका, जे गावातल्या सगळ्या उत्सवांचे आपणहून झालेले अध्यक्ष, ते संध्याकाळच्या आत आमच्या ओसरीवर हजर. दगड तोवर धुऱ्यावर मागे सरकवून उभा केला होता. काकांचं म्हणणं साधं होतं.

"वहिनी, दोन दिवसांत शेंदूर लावून घ्या. उघडा देव बरा नाही. अक्षरं झाकली की झालं. लोकायची श्रद्धा हाय. पुढंमागं मंदिर बी होईन तठी. मान तुमचाच राहीन."

"देव नाही ना काका तो," मी म्हटलं.

"तुमी शिकलेले लोकं असंच करता. वाचाची काय गरज होती?" काका माझ्यावर खेकसले. खरं सांगते, त्या क्षणी मलाही तेच वाटत होतं. न वाचतेच तर बरं झालं असतं. मायचा बाबा तिच्यापाशी राहिला असता.

गजूदादालाही भीती वाटत होती. त्याचा ट्रॅक्टर एकदा त्याच धुऱ्यावर उलटला होता आणि तो खरचटण्यावर सुटला होता. बाबानं वाचवलं, हे आमच्या घरात पाण्याला पाणी म्हणावं तितकं उघड होतं. तो म्हणाला, "माय, काका बरोबर बोलून राह्यले. झाकून टाक. आपल्याले काय करायचं?"

माय चुलीपुढे बसून राहिली. काका गेल्यावर तिनं मला जवळ बोलावलं.

"नंदे, उपाशी मेले म्हंजे रस्ता करता करताच मेले?"

"हो माय. खडी फोडायची, मजुरी मिळायची ती पुरायची नाही. धान्याचे भाव चढलेले असायचे."

"भाव," ती म्हणाली, आणि तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मला लगेच कळलं तिला काय आठवलं ते.

मग म्हणाली, "देवाले दाखोतात. मेलेल्याले दाखोत नाहीत वं, वाढतात. पितरायचं पान आपन उचलतो का कधी? आन् मी काय केलं? भुकेनं मेलेल्या माणसायपुढं दर साली भरलं ताट नेलं, त्यायच्या नाकाशी धरलं, आन् उचलून आनलं. त्यायनं लिहून ठेवलं होतं घासभर ठेवा म्हनून. आन् मी त्याच्यावर शेंदूर लावला."

मी म्हटलं, "तुला ठाऊक नव्हतं माय."

"त्यायले तं ठाऊक होतं ना, ताट येते आन् जाते ते."

ते ताट मी खाल्लं होतं. दरवर्षी, लख्ख करून. मला कोणी चोर म्हणणार नाही, कायद्यात बसणार नाही, पण त्या रात्री मी वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं हे खरं आहे. अजाणता केलेल्या गोष्टीची टोचणी लागू नये असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एकदा तो दगड वाचावा.

आणि मग मायनं तो प्रश्न विचारला. तो मी आजवर कोणापुढे काढलेला नाही.

"पह्यला शेंदूर कोनं लावला असंन वं? आपल्याच घरानं ना? मान आपला हाय म्हंजे आपल्याच कोनीतरी. त्याले वाचता येत असंन का?"

तेव्हा अक्षरं ताजी असणार. रस्त्यानं येणारा-जाणारा ती वाचत असणार, नाहीतर वाचून घेत असणार. आणि धुऱ्याच्या अलीकडे आमचं पेव, जे त्या दुकाळातही सरलं नव्हतं. कदाचित त्या पूर्वजानं भक्तीनंच हात जोडले असतील. उपाशी गेलेल्यांना देव मानायलाही मन मोठं लागतं. पण कदाचित रोज शेतात जाता येता त्या दोन ओळी त्याला सोसवत नसतील. देवाला मागता येतं. उपाशाला द्यावं लागतं. मला माहीत नाही, कधी कळणारही नाही. पण पेवाची ती अभिमानाची गोष्ट आमच्या घरात त्यानंतर कोणी सांगितलेली नाही.

ठरलेल्या दिवशी किसनकाका आणि चारचौघं धुऱ्यावर जमले. कोणीतरी नवा शेंदूर आणून ठेवला होता. गजूदादा मान खाली घालून उभा. माय आली ती एका हातात पाण्याची कळशी आणि दुसऱ्या हातात पत्रावळ घेऊन. तिनं आधी दगडाच्या बेचक्यात राहिलेला शेंदूर पाण्यानं धुतला. काका म्हणाले, "वहिनी, मान जाईन घरचा."

"जाऊ द्या."

"अन् बाबा कोपला तं? गजूले वाचोलं त्यानं."

माय वळली. तिचा तोंडाचा पट्टा सुरू होईल असं मला वाटलं. पण ती अगदी हळू बोलली. "वाचोलं ना भाऊ. मी कुठं नाही म्हनते. स्वतः उपाशी होते, तरी देत राह्यले. म्हनूनच तं मले लाज वाटते."

काका शेंदराची पुडी घेऊन निघून गेले. त्यानंतर दोन वर्षं ते आमच्या ओसरीवर चढले नाहीत.

मग मायनं पळसाची पत्रावळ दगडापुढे मांडली. मी वाढत होते. "किती जन होते?" तिनं विचारलं. लिहिलेलं नाही, मी म्हटलं. "मंग वाढ, हात आखडू नोको." रोडगे, वांग्याची भाजी, वरण, भात, तूप. तिनं पाणी ठेवलं, डोळे मिटले, पण ओठ हलले नाहीत. त्या दिवशी तिनं काही मागितलं नाही. डोळे उघडून ती बाजूला झाली, आणि माझा हात पत्रावळीकडे गेला. मी ठरवून नाही नेला. लहानपणापासूनची सवय. नैवेद्य दाखवून झाला, ताट उचलायचं, माझं ताट. दोन्ही हातांनी पत्रावळीच्या कडा मी धरल्यासुद्धा होत्या.

"ठेव," माय म्हणाली.

चटका बसावा तसे मी हात मागे घेतले.

उरलेल्या रोडग्यांचं टोपलं मायनं डोक्यावर घेतलं आणि ती ताडपत्र्यांकडे निघाली. पऱ्हाटीची एक मोळी तिनं गजूदादाच्या डोक्यावर दिली होती. काड्या ओढणारी ती बाई तिला येताना पाहून पोराला घेऊन ताडपत्रीच्या आत सरकली. तिला वाटलं, आली भांडायला. माय बाहेर उभी राहून हाका मारत राहिली, "ये व माय, बाहेर ये. जेवाले आनलं." ती बाई यायला तयार होईना. त्या दुपारी ते पाच-दहा क्षण मायनं डोक्यावर टोपलं घेऊन कसे काढले असतील, ते तिचं तिलाच ठाऊक. शेवटी पोरगं वासानं बाहेर आलं, आणि त्याच्या मागोमाग बाई. जेवताना ती सारखी आमच्याकडे बघत होती, हे लोक टोपलं परत तर नेणार नाहीत ना, अशा नजरेनं.

रस्ता झाला. ताडपत्र्या उठल्या, माणसं कुठल्या पुढच्या रस्त्यावर गेली, ठाऊक नाही. त्यांच्यासाठी दगड नाही. आमचा दगड आता धुऱ्यावर, लोखंडी कठड्याच्या आत आहे. त्याच्याशेजारी कोणीतरी निळा फलक लावलाय: 'प्राचीन शिळा'. बस्स, एवढंच. निदान झाकलेलं नाही, यातच समाधान मानायचं. ट्रकवाल्यांपैकी काही जण जुन्या सवयीनं अजून हॉर्न वाजवतात. बाकीचे सुसाट जातात. रस्ताच इतका गुळगुळीत झालाय की त्याच्यावरून जाताना खाली कोणी आहे असं वाटतच नाही.

यंदाच्या रविवारी मीसुद्धा तशीच गेले. पानं मांडीवर, गाडी भाड्याची, ड्रायव्हर गाणी लावून बसलेला, आणि मी मोबाईलवर ऑफिसचा कसलासा मेसेज बघत होते. दगड कधी मागे पडला, कळलंच नाही. रस्त्यावरचं सगळं वाचणारी मी! पुढच्या वळणावरून गाडी फिरवून मागे आणावी लागली. ड्रायव्हरनं विचारलं, काही राहिलं का ताई? हो, म्हटलं, राहिलं.

मायला आता धुऱ्यापर्यंत चालवत नाही. गुडघे गेलेत. ती घरी बसून रोडगे भाजून घेते, कोणाचाही भाजण्यावर विश्वास नाही म्हणून वहिनीला दहा सूचना करते, आणि दगडापुढचं पान वाढून कोणी परत येईपर्यंत स्वतः घास घेत नाही. या वेळी मी एकटीच गेले. पत्रावळ मांडली, वाढलं, पाणी ठेवलं, हात जोडले. सुडीवर साळुंक्या ओरडत होत्या. गजूदादाचं थ्रेशर सुरू व्हायची वाट बघत सोंगणीच्या बाया सावलीला बसल्या होत्या. मग मी पाठ फिरवून घरी आले.

माय दारातच बसली होती. तिनं आधी माझ्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात रिकामे. तिला बरं वाटलं असावं. तिनं मला समोर बसवलं, ताट ओढलं, रोडगा चुरला, वरण ओतलं. मग तुपाची वाटी हातात धरून म्हणाली,

"हात गेला होता का वं, उचलाले?"

मला खोटं बोलता आलं असतं. "गेला होता," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि माझ्या ताटात तूप सोडलं. "माया बी हात जाते, घरी बसल्या बसल्या," ती म्हणाली. "अजून."